छावणीच्या राखेतले शिसे



पागाचे जाळे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. भोई ते खांद्यावर टाकून गुडघाभर पाण्यात उतरतो, एक गिरकी घेऊन फेकतो, आणि उघडलेल्या छत्रीसारखे ते पाण्यावर पडून झरझर बुडते. ते बुडते, कारण त्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. माझ्या लहानपणी आमच्या गावचा एक म्हातारा भोई हे मणी घरीच ओतीत असे. लोखंडी पळीत शिशाचे तुकडे टाकायचे आणि पळी चुलीतल्या निखाऱ्यांवर धरायची. थोडा वेळ काहीच होत नसे. मग तुकड्यांच्या कडा चकाकू लागत, आणि बघता बघता पळीत चांदीचे पाणी झाल्यासारखे वाटे. आम्ही मुले तोंडाचा आ करून पाहत असू. म्हातारा म्हणे, ‘‘शिसं कधी म्हातारं होत नाही, पोरांनो. कितीबी डाव वितळवा, पुन्ना नवं.’’

शिशाचा धूर आणि धूळ विषारी असते, हे तेव्हा आम्हांला कोणी सांगितले नव्हते. आज ते ठाऊक आहे, म्हणून कोणी हा उद्योग घरी करू नये. पण म्हाताऱ्याचे ते वाक्य माझ्या मनात राहिले, आणि पुढे फार लांबचे एक कोडे सोडवताना उपयोगी पडले. तेच कोडे आज आपल्यापुढे मांडणार आहे.

कोडे असे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात मोठे यादवी युद्ध झाले. त्या युद्धातल्या सैन्याचे तळ जेथे होते, त्या जागी जमिनीत शिशाच्या गोळ्या सापडतात. त्यांतल्या काही कोऱ्या, न वापरलेल्या असतात. पण पुष्कळ गोळ्यांचे रूप पालटलेले असते. कोणी वितळून शेणाच्या पोवासारखी पसरलेली, कोणी चाकूने कोरलेली, कोणाच्या टोकाला भोक पडलेले, तर कोणावर चक्क दातांच्या खुणा! बरे, लढाई व्हायची ती दूर रणांगणावर. छावणीत शत्रू आलेलाच नसे. मग या गोळ्यांची ही दशा कोणी केली?

श्रोते हो, मी इतिहासाचा अध्यापक आहे, आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. या प्रश्नाच्या एका भागाचे चुकीचे उत्तर मी कितीतरी वर्षे वर्गात देत आलो. मी सांगत असे की, जखमी सैनिकाचा हात किंवा पाय कापताना त्या काळी भूल देत नसत. वेदना सहन व्हाव्यात म्हणून त्याच्या दातांत शिशाची गोळी देत, आणि तो ती कडकडून चावी. वर्ग अगदी चिडीचूप होई. मला वाटे, आज तास चांगला रंगला. एके दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, ‘‘सर, पण हे कसं कळलं?’’ मला उत्तर देता येईना. मी म्हटले, उद्या सांगतो. तो ‘उद्या’ उजाडायला पुढे बरेच महिने लागले.

आता मुळापासून सुरुवात करू. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाचे मोठमोठे मळे होते आणि त्यांवर राबणारी माणसे गुलाम होती. ही गुलामगिरी हेच त्या युद्धाचे मूळ. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली आणि उत्तर व दक्षिण यांच्यात चार वर्षे लढाई चालली. उत्तरेने दक्षिणेची बंदरे अडवली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि मग आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, शेअरांचा जुगार माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. म्हणजे ते युद्ध सात समुद्रांपलीकडचे असले, तरी त्याची झळ आपल्या शिवारापर्यंत पोहोचली होती.

त्या युद्धातल्या सैनिकाच्या हाती ठासणीची बंदूक असे. अशी बंदूक आपल्याकडे जुन्या लोकांनी पाहिलेली आहे. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची, मग मागे टोपी बसवून चाप ओढायचा. एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असे. तेच काडतूस. १८५७ साली आपल्याकडे ज्या काडतुसांवरून वणवा पेटला, ती याच जातीची. ती ज्या एन्फील्ड बंदुकीसाठी होती, त्याच बंदुका पुढे चार वर्षांनी अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांनी इंग्लंडातून विकत घेतल्या. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, हेही तसेच.

मात्र गोळी जुन्या गोट्यांसारखी वाटोळी राहिली नव्हती. मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास टोकदार, बुडाशी पोकळ अशी गोळी काढली होती. बार उडताच पोकळ बूड फुगते, नळीतल्या आट्यांना घट्ट बसते, आणि गोळी गरगर फिरत लांबवर नेमकी जाते. याला मऊ धातूच हवा. म्हणून ती निखळ शिशाची करीत. शिसे इतके मऊ असते, की त्यावर नखानेही ओरखडा उठतो. ते वितळायला ३२७ अंश सेल्सियस उष्णता लागते. लोखंडाला १५०० अंशांच्या वर लागते. लाकडाच्या चांगल्या फुललेल्या निखाऱ्यांत ६०० अंशांहून अधिक उष्णता असते. म्हणजे ज्या शेकोटीत लोखंडाचा खिळा जसाच्या तसा राहतो, त्याच शेकोटीत शिशाचे पाणी होते. आमच्या भोयाच्या चुलीत व्हायचे तेच.

अशी एक गोळी साधारण ३२ ग्रॅमची. सैनिकाच्या कमरेच्या पेटीत ४० काडतुसे. नुसत्या शिशाचेच वजन सव्वा किलोच्या वर झाले. लढाईच्या आधी आणखी २० काडतुसे खिशांत कोंबायला देत, ती वेगळीच. थोडक्यात, सैन्य जेथे बसेल तेथे शिशाचा ढीग बसे.

आणि सैन्य बसे फार. आपण इतिहासात लढाया वाचतो, त्यामुळे सैनिक रोज लढतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात लढाईचे दिवस थोडे, चालण्याचे त्याहून अधिक, आणि नुसते बसून राहण्याचे सर्वांत जास्त. हिवाळ्यात तर रस्त्यांचा राडा होई, तोफा हलत नसत. १३ डिसेंबर १८६२ रोजी व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्ग येथे उत्तरेच्या सैन्याचा मोठा पराभव झाला. ते सैन्य रॅपाहॅनॉक नदीच्या पलीकडे फॅलमथच्या आसपास तळ देऊन राहिले. जानेवारीत त्याने एकदा पुढे सरकण्याचा प्रयत्न केला, तर पाऊस कोसळला, माणसे, खेचरे, गाड्या चिखलात रुतल्या, आणि सगळे मुकाट्याने माघारी आले. एप्रिलच्या अखेरपर्यंत लाखाहून अधिक माणसे त्या टेकड्यांवर बसून होती. त्यांनी ओंडके रचून भिंती केल्या, वर राहुटीचे कापड ताणले, काठ्या आणि माती लिंपून धुराडी उभारली, आणि प्रत्येक खोपटात एक शेकोटी पेटवली. आपले कोडे याच शेकोट्यांपाशी सुटते.

आता एकेक गोळी हातात घेऊ.

पहिली, टोकाला भोक पडलेली. ठासणीच्या बंदुकीत एकदा बार भरला, की तो परत काढणे सोपे नसते, हे शिकारी माणसाला सांगायला नको. पहाऱ्यावरचा शिपाई भरलेली बंदूक घेऊन रात्रभर पावसात उभा राही. सकाळी दारू ओली झालेली असे, म्हणजे फुसका बार. मग गजाच्या टोकाला मळसूत्री काटा बसवायचा, तो नळीत घालून गोळीत फिरवायचा, आणि गोळी ओढून काढायची. त्या मळसूत्राचे भोक आजही गोळीच्या टोकाला स्पष्ट दिसते. अशी गोळी पुन्हा वापरण्याजोगी राहत नसे. ती खोपटाच्या आसपास फेकली जाई, नाहीतर चाळ्याला उपयोगी पडे.

दुसरी, वितळलेली. हिची कारणे एकाहून अधिक आहेत. भिजलेली काडतुसे टाकून देत. ती केरात, आणि केर आगीत. लाकडी धुराडे पेट घेई आणि खोपट जळे, तेव्हा आतल्या गोळ्याही वितळत. काही खोडकर शिपाई गंमत म्हणून काडतूस शेकोटीत टाकीत. दारू भस्सकन पेटे, भोवतालची मंडळी दचकून उड्या मारीत, आणि गोळी राखेत राहून जाई. पण काही वेळा शिसे मुद्दाम वितळवलेले असे. युद्धाच्या आरंभी दोन्हीकडे निरनिराळ्या व्यासांच्या बंदुका होत्या, आणि नळीत न बसणारी गोळी काय कामाची? ती वितळवून साच्यात नवी ओतावी लागे. दक्षिणेकडे तर शिशाचा तुटवडाच होता. त्यांचा मोठा आधार म्हणजे व्हर्जिनियातल्या वाइथ परगण्यातली खाण, आणि डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या घोडदळाने तिच्यावरही छापा घातला. दक्षिणेतल्या लोकांनी घरांच्या खिडक्यांतली शिशाची वजनेसुद्धा गोळ्यांसाठी काढून दिली. ‘‘कितीबी डाव वितळवा, पुन्ना नवं’’ हे त्यांनाही ठाऊक होते.

मग चुकून वितळलेले शिसे आणि मुद्दाम ओतलेले शिसे ओळखायचे कसे? चुकून वितळलेले शिसे राखेत वाटेल तसे पसरते. त्याच्या खालच्या बाजूला कोळशाचे आणि खड्यांचे ठसे असतात, कधी अर्धवट वितळलेल्या गोळीचे बूड तसेच राहिलेले असते. ओतकामाच्या जागी मात्र साच्याच्या तोंडाशी उरलेले आणि कापून टाकलेले देठ मिळतात, ओघळलेले थेंब मिळतात, साच्याच्या दोन पाळ्यांच्या सांध्याची रेघ असलेली, फसलेली गोळी मिळते. एका तुकड्यावरून हे कळणार नाही. शेजारी काय काय आहे, ते पाहावे लागते.

तिसरी गोळी कोरलेली, आणि माझ्या मते सर्वांत बोलकी. चार महिने बसून करायचे काय? कवायत झाली, लाकडे फोडून झाली, घरी पत्र लिहून झाले. खिशात चाकू आहे, पेटीत मऊ शिसे आहे. शिपायांनी गोळ्या ठोकून चौकोनी केल्या, ठिपके पाडले आणि फासे बनवले. चपट्या करून जुगाराच्या चकत्या केल्या. गळाला बांधायला वजने केली. टोक काढून कागदावर रेघा ओढायला पेन्सिली केल्या. १८६३ च्या वसंतात हूकर या सेनापतीने सैन्याच्या प्रत्येक मोठ्या विभागाला एकेक खूण ठरवून दिली, कोणाला तारा, कोणाला चंद्रकोर, कोणाला तीन पाकळ्यांचे पान. ती कापडाची मिळे. पण काहींनी शिसे कापून आपापली खूण स्वतःच बनवली. आणि गोळ्या कोरून बुद्धिबळाची मोहरीसुद्धा केली. आपल्या भाषेत प्यादे म्हणजे बुद्धिबळातलेही आणि पायी लढणारा शिपाईही. समोरच्या माणसाला मारण्यासाठी दिलेली गोळी घेऊन एक प्यादे दुसरे प्यादे कोरीत बसले होते, असे ते दृश्य आहे.

त्यातला प्रत्येक जण घरी परत गेला असे नाही. त्या युद्धात दोन्हीकडचे मिळून सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश रोगांनी मेले. हगवण, विषमज्वर, गोवर, फुप्फुसाचा दाह. म्हणजे ज्या छावणीत शत्रूची गोळी येत नव्हती, त्याच छावणीत मृत्यू मात्र रोज हिंडत होता. घाण पाणी आणि उघडे संडास यांनी बंदुकीपेक्षा जास्त माणसे नेली. कोरलेले मोहरे हातात घेताना हे विसरू नये.

आता उरली चौथी, दातांच्या खुणांची. येथेच मी फसलो होतो. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी शोधू लागलो. ईथरची भूल बॉस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी जाहीरपणे देऊन दाखवली गेली. क्लोरोफॉर्म पुढच्याच वर्षी आले. म्हणजे युद्धाच्या वेळी दोन्ही औषधे जुनी झाली होती. उत्तरेच्या सैन्याच्या वैद्यकीय नोंदींप्रमाणे किमान ८० हजार वेळा भूल देण्यात आली. दक्षिणेचा प्रसिद्ध सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याचा डावा हात मे १८६३ मध्ये कापला, तोही क्लोरोफॉर्म देऊनच. (तो आठवड्याने गेला, आणि गेला तो न्यूमोनियाने.) शिवाय विचार करा, पाठीवर निजलेल्या, तडफडणाऱ्या माणसाच्या तोंडात सुटी गोळी कोणता शहाणा वैद्य देईल? ती घशात नाही का जायची?

मग दात कोणाचे? श्रोते हो, उत्तर ऐकून हसू येईल. पुष्कळशा खुणा डुकरांच्या आहेत. व्हर्जिनियात शेतकरी आपली डुकरे रानात मोकळी सोडीत. सैन्य उठून गेल्यावर त्या ओसाड जागी डुकरे आली, सांडलेले दाणे आणि मुळे शोधीत नाकाने जमीन उकरू लागली, आणि त्यांच्या दाढांखाली गोळ्याही आल्या. रुंद दाढांनी खोलवर चेचलेले शिसे माणसाच्या दातांचे काम नव्हे. एखाद्या शिपायाने कंटाळून गोळी दातांत धरलीही असेल, किंवा औषध संपलेल्या ठिकाणी भुलीवाचून कापाकापीही झाली असेल. पण चावलेली गोळी सापडली की ती वेदनेचीच, हे म्हणणे टिकत नाही. मी वर्षानुवर्षे वर्गाला रडवले, ते बहुधा डुकराच्या दातांवर!

दुसऱ्या दिवशी नव्हे, पण पुढच्या सत्रात मी वर्गात हे सगळे सांगितले. ती मुलगी तोवर वरच्या वर्गात गेली होती. तिला बोलावून घेऊन तिच्यादेखत सांगितले. मुले हसली, मीही हसलो. मला वाटले होते, मुलांच्या मनातला आपला मान कमी होईल. तसे काही झाले नाही. उलट त्या दिवसापासून वर्गात प्रश्न जास्त येऊ लागले.

यातून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली शेतकरी बांधवांना. आपल्याकडे गडकोटांच्या पायथ्याशी, जुन्या तळांच्या जागी नांगरताना कधी शिशाची गोळी, कधी लोखंडी गोळा, कधी नाणे वर येते. ती वस्तू धुऊनपुसून कपाटात ठेवली, की ती मुकी होते. ती कोठे मिळाली, किती खोल, शेजारी राख होती की विटा होत्या, यातच तिची भाषा असते. अमेरिकेतही हौशी लोकांनी धातू शोधण्याची यंत्रे घेऊन कितीतरी तळ उकरून काढले, आणि टोपल्याभर गोळ्यांबरोबर कहाणी मात्र गमावली. शहाण्या माणसांनी पुढे काही जागा राखल्या. फॅलमथजवळच्याच स्टॅफर्ड परगण्यात अशा एका तळाची जागा २०१३ साली उद्यान करून लोकांसाठी जपून ठेवली आहे. म्हणून आपल्या रानात असे काही दिसले, तर उकरू नका. जागा लक्षात ठेवा, गावच्या गुरुजींना दाखवा, तलाठ्याला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

दुसरी गोष्ट शिक्षक बंधुभगिनींना. एक सोपा प्रयोग करून पाहा. शिसे मुळीच नको, मेणबत्तीचे चार तुकडे घ्या. एक वितळू द्या, एक चाकूने कोरा, एकाला खिळ्याने भोक पाडा, एक पायाखाली चिरडा. मग हे न पाहिलेल्या मुलांपुढे ते तुकडे ठेवा आणि विचारा, याचे काय झाले असेल? मुले भराभर उत्तरे देतील. प्रत्येक उत्तरानंतर तुम्ही एवढेच विचारा, ‘‘हे कसं कळलं?’’ इतिहास शिकवायला याहून मोठे साधन मला तरी अजून मिळालेले नाही. आणि तो प्रश्न एखाद्या दिवशी मुलांनी उलट तुम्हांलाच विचारला, तर रागावू नका. मला विचारला गेला, त्याचे मी आजही उपकार मानतो.